गाडी कमरेला कळते

तळोद्याहून धडगावला जाणारा चांदसैलीचा घाट ज्याने भरलेली पिकअप घेऊन उतरला आहे, त्याला गाडी नुसत्या डोळ्यांनी चालत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. डोळे पुढचं वळण पाहतात, हात स्टिअरिंगवर असतात. पण मागचं चाक बारीक खडीवर सरकायला लागलं, हे आधी कमरेला कळतं. ब्रेक किती धरला, वजन कोणत्या चाकावर गेलं, खड्डा टायरनेच खाल्ला की पाट्यापर्यंत पोहोचला, ही सगळी खबर सीटमधून येते. सातपुड्यात गाडी चालवणारा माणूस या खबरीवर विसंबून असतो. पावसाळ्यात दरड येऊन रस्त्यावर माती पसरलेली असते, धुक्यात दहा हातांपलीकडचं दिसत नाही, तेव्हा तर तेवढीच खबर उरते.

माझं शहाद्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, उसाच्या टायरगाड्या, गेट, ग्रिल, शेड ही आमची रोजची कामं. माल बसवायला धडगाव, मोलगी, तोरणमाळ या बाजूला जाणं नेहमीचं. त्यामुळे घाट अंगात मुरलेला. पुतण्या नाशिकला इंजिनिअरिंग करून घरी आला, तेव्हा त्याने टेबलाला स्टिअरिंग आवळलं, खाली पेडल ठेवले आणि स्क्रीनवर रॅलीचा गेम लावून मला बसवलं. रस्ता हुबेहूब होता. इंजिनाचा आवाज बरोबर होता. स्टिअरिंग हाताला झटकेही देत होतं. तरी गाडी ताब्यात असल्यासारखी वाटेना. ब्रेक दाबला की छाती पुढे जात नव्हती, वळणावर खांदा बाहेर ओढला जात नव्हता, चाक सुटलं तर ते स्क्रीनवर दिसल्यावरच कळत होतं. कमरेची खबर तेवढी बंद होती. "काका, ती खबर आपण बनवू शकतो," पुतण्या म्हणाला. पेट्रोल न जाळता घरात बसून शर्यत खेळता यावी, ही त्याची हौस. बसल्या जागी शरीराला गाडी कशी कळवायची, हा माझा प्रश्न. दोन्ही एकाच लोखंडी चौकटीत बसत होतं.

आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. मोठे कारखाने आमच्याकडे कमी. पण साखर कारखाना, सूतगिरणी, केळी-पपईची शेती आणि शेकडो ट्रॅक्टर यांच्या आधाराने लेथ, वेल्डिंग, बेअरिंग, मोटर रिवाइंडिंगची दुकानं गावोगाव आहेत. सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे सुरतही जवळ. तिथे संगणकावर चालणाऱ्या एम्ब्रॉयडरी मशीनचा मोठा धंदा आहे, त्यामुळे सर्व्हो मोटर, ड्राइव्ह, बॉल स्क्रू हे शब्द तिथल्या बाजारात कोणाला नवे नाहीत. पुण्या-मुंबईबाहेर असं यंत्र होणार नाही, असं आम्हाला कधी वाटलं नाही. लागणारी हातोटी निम्मी आमच्या गल्लीत होती, उरलेली गाडीच्या काही तासांच्या अंतरावर.

माणसाला जागेवर बसवून प्रवासाचा भास देण्याची युक्ती जुनी आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन गावी एडविन लिंकच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. लिंकने १९२९ मध्ये त्याच ऑर्गनचे हवेचे भाते वापरून विमान शिकण्यासाठी डुलणारी लाकडी पेटी तयार केली. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे असंख्य वैमानिक त्या पेटीत बसून ढगातलं उड्डाण शिकले. पुढे इंग्लंडात डनलॉप कंपनीतल्या एरिक गॉफ यांनी टायर तपासायला सहा पायांवर हलणारं यंत्र बनवलं, आणि १९६५ मध्ये डी. स्ट्युअर्ट यांनी अशाच सहा पायांच्या मंचाची कल्पना विमानाच्या सिम्युलेटरसाठी मांडली. आज विमान कंपन्यांचे मोठे सिम्युलेटर याच सहा पायांच्या रचनेवर उभे असतात. भाता आणि टायर या दोन्ही वस्तू आमच्या धंद्याला परक्या नाहीत. हे वाचलं तेव्हा काम आवाक्यात आल्यासारखं वाटलं.

त्या सगळ्या यंत्रांच्या मुळाशी शरीराची एक मर्यादा आहे. कानाच्या आत कॅल्शियमच्या बारीक कणांचा थर असतो. डोकं तिरपं झालं की तो ओघळतो, आणि गाडीने वेग घेतला की मागे सरकतो. आतल्या नसांना या दोहोंतला फरक कळत नाही. म्हणून माणसाला हळूच मागे कलवलं आणि समोरचं चित्र सरळच ठेवलं, तर त्याला गाडी वेग घेते आहे असं वाटतं. पुढे कलवलं तर ब्रेक लागल्यासारखं वाटतं. ५ अंश कललं की गुरुत्वाकर्षणाचा, म्हणजे 'जी'चा, ०.०८७ भाग शरीराला पुढे किंवा मागे ओढतो. डांबरी कोरड्या रस्त्यावर साध्या कारचा कडक ब्रेक ०.८ जीच्या आसपास जातो, फॉर्म्युला वनच्या गाडीचा ५ जीपर्यंत. म्हणजे घरातली रिग, म्हणजे अशी कलणारी बैठक, खऱ्या कडक ब्रेकचा दहावा हिस्सा देऊ शकते, फॉर्म्युला वनचा तर पन्नासावासुद्धा नाही. हा हिशेब पहिल्याच दिवशी वहीत मांडला, त्याने पुढचं सगळं काम सरळ झालं. जोर देणं आपल्या हातात नाही. खबर देणं आहे.

सुरुवात दोन दिशांच्या रिगने केली. सीट पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कलायची. मध्यभागी टेकू म्हणून ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरला लागतो तो पीटीओ शाफ्टचा क्रॉस वापरला. ट्रॅक्टरची ताकद पेलणारा तुकडा माणसाचं वजन सहज पेलतो आणि दोन्ही दिशांना मोकळा फिरतो. मागच्या बाजूला बसच्या वायपरच्या दोन मोटरी, त्यांना क्रँक, रॉड एंड बेअरिंग, आणि मोटर कुठे आहे ते सांगायला पोटेन्शिओमीटर. हुकूम देणारा मेंदू म्हणजे अर्डुइनोचं एक छोटं बोर्ड. कमी खर्चात शिकायला याहून चांगली रचना नाही, आजही कोणी विचारलं तर मी इथूनच सुरुवात करायला सांगतो.

त्या रिगने दोन गोष्टी शिकवल्या. एक म्हणजे झोल. वायपरच्या मोटरीत वर्मचा गिअर असतो, आणि दिशा बदलताना दातांमधली फट भरून निघेपर्यंत सीट हलत नाही, मग एकदम खट् करून हलते. हाताने धरून पाहिलं तर हा झोल अर्धं सूतही नसेल. कमरेला मात्र तो खड्डा वाटतो. रस्त्यावर नसलेला खड्डा शरीराला सांगणारं यंत्र चालकाला चुकीचं शिकवतं. दुसरी गोष्ट अशी की, टेकू मध्यात असला की सगळी बैठक एकदम वर उचलता येत नाही. कलणं मिळतं, उसळणं मिळत नाही. आणि आमच्या रस्त्यांची निम्मी भाषा तर उसळण्याची.

सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा जाणकार दात, खूर, रंग बघून झाल्यावर स्वतः वर बसतो. चाल त्याला मांडीखाली कळते, आणि घोडा कुठे किंचित दबतो ते लांबून कितीही पाहिलं तरी दिसत नाही. रिगची परीक्षाही तशीच असते. लांबून बघणाऱ्याला जोरात हलणारी रिग भारी वाटते. वर बसणाऱ्याला बरोबर हलणारी भारी वाटते.

मग चार पायांची रिग घ्यायचं ठरलं. चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार उभे पाय, प्रत्येक पाय मोटरीने वर-खाली होणारा. चारही एकदम वर गेले की उसळणं, पुढचे खाली आणि मागचे वर गेले की ब्रेक, डावे-उजवे उलटसुलट झाले की वळण. पायात बॉल स्क्रू बसवायचा: १६ मिलिमीटर जाडीचा, एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकणारा. त्यावर ७५० वॉटची एसी सर्व्हो मोटर, मिनिटाला ३००० फेऱ्यांची, २.४ न्यूटन-मीटर पिळाची. हिशेब असा बसतो. ३००० फेरे गुणिले ५ मिलिमीटर म्हणजे सेकंदाला २५० मिलिमीटर वेग. घर्षण वजा करून एका पायाची उचल २५० किलोच्या वर. चौकट, सीट, स्टिअरिंग, स्क्रीन मिळून ११० किलो आणि वर ७५ किलोचा माणूस धरला, तर एका पायावर येतात जेमतेम ४६ किलो. एवढी ताकद कशाला, असं कोणी विचारेल. नुसतं उचलायला ती लागत नाही. धावतं वजन क्षणात थांबवून उलट फिरवायला लागते. बारीक हादरा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात द्यायचा असेल, तर मोटरीकडे जोर शिल्लक असावा लागतो.

पायांची चाल आम्ही १०० मिलिमीटर ठेवली. पुढच्या आणि मागच्या पायांत ११०० मिलिमीटर अंतर, म्हणून पूर्ण कललं तर ५ अंशांच्या थोडं वर. याहून जास्त चाल घ्यावी असा मोह होतो. पण लांब चाल म्हणजे लांब स्क्रू, उंच बैठक आणि उलटण्याचा धोका. मिळणारा फायदा त्या मानाने अगदी थोडा.

पायांचं काम लेथवर झालं. आमचे मिस्तरी आयुष्यभर सुतात मोजणारे. उसाच्या गाडीचा एक्सल, चरकाचा रोलर ही त्यांची कामं. पण डायल गेज त्यांच्या पेटीत जपून ठेवलेला होता. "आधी बेअरिंगची बैठक, मग बाकीचं," असं म्हणून त्यांनी सगळ्यात जास्त वेळ त्या एका खोबणीला दिला. स्क्रूच्या वरच्या टोकाला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची जोडी असते, पायावरचं सगळं वजन तिच्यावर येतं. ती बैठक एका शतांश मिलिमीटरने जरी तिरकी झाली तरी स्क्रू गुणगुणतो, आणि ते गुणगुणणं सीटमध्ये येतं. मिस्तरींनी केलेले चारही पाय आजतागायत आवाज न करता चालतात. जिल्ह्याच्या गावातल्या लेथवर असं काम होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. अचूकता यंत्राच्या किमतीत असते असं समजणाऱ्यांनी ते पाय येऊन पाहावेत.

चौकटीसाठी ॲल्युमिनिअमचे खाचांचे प्रोफाइल वापरायची जगभर रीत आहे. बोल्ट सैल करून काहीही सरकवता येतं. आम्ही ८० बाय ४०, ३ मिलिमीटर जाडीचा एमएस चौकोनी पाइप घेतला. मीटरला पाच-साडेपाच किलो, म्हणजे वजन जास्त. पण वेल्डिंग आमच्या हातचं, आणि वेल्ड केलेली चौकट बोल्टच्या चौकटीसारखी हळूहळू ढिली पडत नाही. कडकपणा इथे सगळ्यात महत्त्वाचा. स्टिअरिंगचा खांब लवचिक असेल तर पायांनी दिलेली बारीक खबर खांब गिळून टाकतो. म्हणून पेडलच्या पाटीला आणि खांबाला तिरपे आधार दिले. गुण्या लावून आधी फक्त टाके मारले, कर्ण मोजून सारखे आले तेव्हाच पूर्ण वेल्डिंग केलं. तेही एका बाजूने सलग न ओढता आलटून पालटून, नाहीतर उष्णतेने चौकट मुरडते आणि चौथा पाय जमिनीला टेकत नाही. आमच्या खोलीत शहाबादी फरशी, तीही सपाट नव्हती. चारही पायांखाली लेव्हलचे बोल्ट दिले. शिवाय चौकट कलली की पायांमधलं जमिनीवरचं अंतर चार-साडेचार मिलिमीटरने वाढतं, हे कागदावर मांडलं तेव्हा लक्षात आलं. पाय जमिनीला जखडले असते तर ती ओढ थेट स्क्रूवर आली असती. म्हणून तळाला गुळगुळीत चकत्या लावून त्यांना किंचित घसरू दिलं.

एक निर्णय फार मोलाचा ठरला. स्क्रीन जमिनीवर ठेवायची की चौकटीवर? जमिनीवर ठेवली तर सीट कलते आणि स्क्रीन तिथेच राहते. डोळ्यांना कलणं दिसतं आणि भास मोडतो. चौकटीवर घेतली तर माणूस आणि चित्र बरोबर कलतात, डोळ्यांना सगळं सरळ वाटतं, आणि कान त्या ओढीचा अर्थ वेग किंवा ब्रेक असा लावतो. विमानांच्या सिम्युलेटरमध्ये सगळी केबिन आणि चित्र एकत्र हलतं, त्याचं कारण हेच. आम्ही स्क्रीन चौकटीवर घेतली आणि खिडकीला जाड पडदा लावला. भिंतीचा कोपरा दिसेनासा झाला, तेव्हा रिग पहिल्यांदा गाडी झाली.

विजेचं काम लोखंडाइतकंच जपून करावं लागतं. सर्व्हो ड्राइव्ह चालू झाली की तिच्या तारांमधून गोंगाट निघतो, स्टिअरिंगची यूएसबी मध्येच सुटते, अर्डुइनो चुकीचं वाचतं. जाळीदार कवचाच्या तारा, सिग्नलच्या तारा मोटरीच्या तारांपासून लांब, आणि चांगलं अर्थिंग, हे त्यावरचे उपाय. आम्ही रिगसाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा घेतला, तांब्याची पट्टी टाकून मीठ-कोळसा भरला. आमच्या उन्हाळ्यात जमीन भेगाळते आणि अर्थिंग कोरडं पडतं, म्हणून चैत्र-वैशाखात त्या खड्ड्यात बादलीभर पाणी टाकणं हा घरचा नेम झाला आहे. ड्राइव्हच्या पेटीला पंखे लावले, आणि पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी रिग चालवत नाही.

वीज मध्येच जाते, हे धरूनच रचना केली. बॉल स्क्रू स्वतःहून अडकून राहत नाही. मोटर मेली की माणसाच्या वजनाने तो उलटा फिरतो आणि बैठक खाली येते. ती सावकाश यावी आणि तळाला रबरावर टेकावी, अशी सोय केली. त्याहून महत्त्वाची गोष्ट वीज परत येण्याची. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरला शेतकरी ऑटो बसवतात, रात्री वीज आली की पंप आपोआप सुरू होतो. रिगला तो ऑटो कधीही लावायचा नाही. वीज आली, कोणी लहान मूल चौकटीखाली गेलेला चेंडू काढत आहे, आणि चार पाय एकदम उठले, हा विचारही सहन होत नाही. म्हणून कॉन्टॅक्टर असा जोडला की वीज गेली की तो सुटतो, आणि कोणीतरी हिरवं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. लाल मशरूम बटण दोन ठिकाणी: एक चालकाच्या हाताशी, दुसरं खोलीच्या दाराशी. पायाच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच, आणि ते चुकले तरी थांबवणारे रबराचे ठोकळे. चारही बाजूंना पत्र्याचं आवरण, म्हणजे बोट किंवा पाऊल आत जाणारच नाही.

लोखंड आणि वीज झाल्यावर जे काम उरतं, त्याला अंत नाही. गेम गाडीची अवस्था क्षणोक्षणी आकड्यांत बाहेर पाठवतो: वेग, तिन्ही दिशांची ओढ, प्रत्येक चाकाचं सस्पेन्शन. कोडमास्टर्सच्या रॅलीच्या गेममध्ये हे आकडे यूडीपीच्या २०७७७ क्रमांकाच्या पोर्टवर येतात. सॉफ्टवेअर ते वाचून कोणता पाय किती हलवायचा ते ठरवतं. सगळ्यांना आधी असं वाटतं की प्रत्येक आकडा जोरात जोडावा. पुतण्यानेही तसंच जोडलं, आणि खोलीतली मुलं खूश झाली. पण सीटवर बसलं की सगळ्या हालचाली एकमेकींत मिसळून नुसता गदारोळ होत होता. मग एकेक बंद करत गेलो. आधी फक्त ब्रेक. तो बरोबर लागेपर्यंत दुसरं काही नाही. मग वळणाची ओढ. मग रस्त्याचे हादरे, तेही बारीक. प्रत्येक वेळी एकच प्रश्न: ही हालचाल चालकाला काय सांगते? जिच्याकडे उत्तर नव्हतं ती काढून टाकली.

वेळेचा हिशेब तर आणखी नाजूक. सेकंदाला ६० वेळा आकडे येत असतील तर दोन आकड्यांत १७ मिलिसेकंद जातात. हालचाल खडबडीत होऊ नये म्हणून सॉफ्टवेअरमध्ये ती गुळगुळीत करण्याची सोय असते, पण जितकं गुळगुळीत तितका उशीर. डोळ्यांनी वळण पाहिलं आणि कमरेला ते नंतर कळलं, की मळमळायला लागतं. आम्ही थोडा खडबडीतपणा पत्करला आणि उशीर कापला. वेळेवर आलेला छोटा झटका उशिरा आलेल्या मोठ्या झटक्यापेक्षा खरा वाटतो, हे या कामाचं सार आहे.

गाडीत फोन घट्ट बसवून त्याच्या ॲक्सेलरोमीटरवर पुतण्याने चांदसैली घाटाची नोंद केली. भरलेली पिकअप, मी चालवतो, तो आलेख पाहतो. त्या आलेखात जे दिसलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. जपून उतरणाऱ्या चालकाचा ब्रेक ०.२ ते ०.३ जीच्या पलीकडे क्वचित जातो. बाकी सगळा वेळ गाडी दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या ओढीवर उतरत असते. म्हणजे शर्यतीच्या गाडीचा दहावा हिस्सासुद्धा न देणारी आमची रिग घाटातल्या ब्रेकचा जवळजवळ तिसरा हिस्सा देऊ शकते. हादरे तर जवळपास पूर्ण देते. शर्यतीसाठी बांधलेलं यंत्र घाटाला जास्त खरं निघालं.

धडगाव रस्त्यावर वर्षानुवर्षं प्रवासी जीप चालवणारे एक दादा ट्रॉलीच्या कामाला आले होते. बाहेर थांबलेला एक शेतकरी "हाई काय शे भो?" म्हणून लांबूनच विचारत राहिला, दादा मात्र न विचारता सीटवर बसले. दोन-तीन वळणं झाल्यावर म्हणाले, "ब्रेक बरोबर आहे. मागचं चाक सुटतं ते मात्र उशिरा कळतं." गेमचं एक अक्षर न वाचलेल्या माणसाने रिगची नेमकी उणीव सांगितली. चार उभ्या पायांनी मागची बाजू आडवी सरकवता येत नाही. त्यासाठी चौकटीच्या मागे आडवा पाचवा पाय लागतो. तोवर उपाय म्हणून सीटखाली आवाजाच्या कंपनाचं छोटं यंत्र लावलं आणि मागच्या चाकाची घसरण तेवढीच त्यावर सोडली. दुसरं काहीही त्याला जोडलं नाही. दादा परत आले तेव्हा बसून म्हणाले, "आता कळतं." पाचवा पाय आता लेथवर आहे.

सिम्युलेटरवर शिकलेलं खऱ्या रस्त्यावर उतरतं का, असा प्रश्न अनेक जण विचारतात. ब्रिटनचा यान मार्डनबरो हा तरुण २०११ मध्ये गेमच्या स्पर्धेतून निवडला गेला आणि पुढे ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला. त्याच्या पाठीशी मोठी कंपनी आणि खऱ्या ट्रॅकवरचं कसून शिक्षण होतं, हेही विसरू नये. माझा अनुभव साधा आहे. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हे पुस्तकात वाचून पोरांना पटत नाही. रिगवर वरच्या गिअरमध्ये उतरताना ब्रेक सारखा धरावा लागतो, बैठक पुढे कललेलीच राहते, आणि गाडी तरी थांबत नाही. ती अस्वस्थता कमरेत बसली की शब्द लागत नाहीत. वर्कशॉपमधल्या दोन नव्या चालकांना मी आधी रिगवर बसवलं, मग पिकअप दिली. दोघंही घाटात दुसऱ्या गिअरमध्ये उतरतात.

खर्च म्हणाल तर सगळा मिळून चांगल्या मोटारसायकलीएवढा झाला, त्यातला मोठा वाटा मोटरी आणि ड्राइव्हचा. लोखंड, लेथ, वेल्डिंग हे त्या मानाने स्वस्त, कारण ते इथलं.

आमच्या जिल्ह्यात घाटातून गाडी दरीत गेल्याची बातमी नवी नाही. मजुरांनी भरलेल्या जीप, यात्रेहून परतणाऱ्या पिकअप, आणि स्टिअरिंगवर बऱ्याचदा सपाटीवर गाडी शिकलेला तरुण चालक. त्याला लायसन्स मिळतं ते मैदानावर आठचा आकडा काढून. उतारावर भरलेल्या गाडीचं वजन त्याला पहिल्यांदा कळतं ते घाटातच. जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये वेल्डर, टर्नर, इलेक्ट्रिशियन, मोटर मेकॅनिक हे सगळे ट्रेड एका आवारात शिकवले जातात. अशी एक रिग बांधायला नेमके हेच हात लागतात. एका वर्गाने चौकट वेल्ड करावी, दुसऱ्याने पाय कातावेत, तिसऱ्याने पेटी जोडावी, आणि तयार रिग जवळच्या ड्रायव्हिंग स्कूलला घाट शिकवायला द्यावी. आमचे नकाशे, मापं, जोडणीचे आराखडे ज्याला हवेत त्याने वर्कशॉपला यावं, घेऊन जावेत, पैसे लागणार नाहीत. एवढीच अट: पहिल्या दिवशी मोटर नव्हे, लाल बटण जोडायचं.